बिस्किटांचे खोके आणि तेलाची बाटली

(हितचिंतकांच्या वार्षिक मेळाव्यात, पालघर जिल्ह्यातील पाड्यांवर काम करणाऱ्या आमच्या एका परिचारिका भगिनींनी केलेले भाषण.)



‘सकस आहाराची मूलतत्त्वे’ हा विषय मला देण्यात आला आहे. पिष्टमय पदार्थ, प्रथिने, स्निग्ध पदार्थ, जीवनसत्त्वे, क्षार हा तक्ता आपण सर्वांनी शाळेत पाठ केला आहे, तो मी पुन्हा म्हणून दाखवत नाही. मी फक्त एका वाटीविषयी बोलणार आहे. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यावर वर्षभराच्या बाळापुढे ठेवलेली पेजेची वाटी. आहारशास्त्रातले जवळजवळ सगळे त्या वाटीत दिसते. शिवाय दर नाताळात आपल्या मंडळ्यांतून जी खोकी येतात त्यांच्याविषयी मला एक विनंती करायची आहे, आणि ती त्या वाटीशी संबंधित आहे.

आपल्यातील वडीलधाऱ्यांना १९९२ साल आठवत असेल. जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीत कुपोषणाने मुले दगावली आणि सगळ्या महाराष्ट्राला या डोंगराची नावे कळली. त्यानंतर रस्ते झाले, अंगणवाड्या झाल्या. अंगणवाडीत मुलांना अंडी मिळतात, गरोदर व स्तनदा मातांना अमृत आहार योजनेतून एक वेळचे गरम जेवण मिळते. हे खरोखर चांगले काम आहे आणि त्याला नावे ठेवणे सोपे असते. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील पाच वर्षांखालच्या शंभर मुलांपैकी ३५ मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. हा आकडा सगळ्या राज्याचा आहे, शहरे धरून.

पहिले सहा महिने बाळाला आईचे दूध पुरते. पाणीसुद्धा लागत नाही. सहा महिन्यांनंतर दूध चालूच ठेवायचे, पण तेवढ्याने भागत नाही. एक ते दोन वर्षांच्या बाळाला आईच्या दुधाशिवाय दिवसाला साधारण ५५० कॅलरी अन्नातून लागतात. आता ती वाटी पाहा. दोन लहान चमचे नाचणीचे किंवा तांदळाचे पीठ, बाकी पाणी आणि मिठाचा खडा. त्यात तीस-पस्तीस कॅलरी असतात. म्हणजे बाळाने अशा सोळा-सतरा वाट्या प्यायला हव्यात! त्याच्या पोटात एका वेळी वाटी-सव्वा वाटीच मावते. पोट तुडुंब भरते, बाळ झोपी जाते, आणि आईला वाटते की लेकरू जेवले. ती खोटे बोलत नसते. आपण विचारतो, “बाय, बाळ खातं का?” ती म्हणते, “खातं ना, पोटभर खातं.”

त्याच पेजेत एक चमचा तेल घाला. तेवढ्यात चाळीस-पंचेचाळीस कॅलरी आहेत. वाटी तेवढीच राहते, ताकद दुपटीहून अधिक होते. मी इतकी वर्षे हे सांगत आले आहे आणि अजूनही मला यापेक्षा स्वस्त औषध सापडलेले नाही. मात्र पेजही दाट हवी, चमचा तिरपा केला तर ओघळून जाऊ नये इतकी. दाट पेज बाळाला गिळवत नाही, ही आयांची तक्रार रास्त आहे. त्यावर उपाय आपल्या आज्यांनाच ठाऊक होता: नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून, भाजून दळायची. मोड आल्यावर पिठातला चिकटपणा मोडतो, म्हणून पीठ जास्त घालूनही पेज सैल राहते.

नाचणीविषयी आणखी एक. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तेवढ्याच पांढऱ्या तांदळात जेमतेम दहा. तरी हल्ली पाड्यावर पाहुणा आला की नाचणीची भाकरी लपवतात आणि भात वाढतात. नाचणी गरिबाची, ही समजूत त्यांना कोणी दिली, याचा विचार आपण शहरातल्यांनी करायला हवा.

धान्य एकटे पुरत नाही. धान्याच्या प्रथिनांत जे कमी पडते ते डाळीत असते, आणि डाळीत जे कमी ते धान्यात. म्हणून वरण-भात, भाकरी आणि उडदाचे कालवण या जोड्या आपल्या लोकांनी कोणत्याही प्रयोगशाळेशिवाय जमवल्या. तूर आणि उडीद याच डोंगरावर पिकतात. डहाणूकडून येणारा सुका जवळा भाजून, कुटून बाळाच्या भातात चिमूट-दोन चिमूट घालता येतो. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, परसात शेवगा. हिरव्या पाल्यातले लोह अंगी लागायला सोबत आंबट हवे, म्हणून लिंबाची फोड किंवा आवळा. जेवणाबरोबर चहा घेतला तर तेच लोह वाया जाते.

येथे मला खोक्यांविषयी बोलायचे आहे. आपण प्रेमाने पाठवता आणि मुलेही टाळ्या वाजवून घेतात. पण त्यांतले सर्वांत मोठे खोके नेहमी बिस्किटांचे असते. बिस्कीट म्हणजे मैदा, साखर आणि थोडे तेल. विष नाही, एखादे खाल्ल्याने काही बिघडत नाही. अडचण अशी की ते घरात असले की बाळाला चहात बुडवून दिले जाते. रडले की बिस्कीट, पुन्हा रडले की बिस्कीट. भूक मरते, मग नाचणी आणि डाळ कोण खाणार? आणि साहेबांच्या मंडळीने पाठवलेली वस्तू चांगलीच असणार, असे आईला वाटते. आमचे सहा महिन्यांचे बोलणे एका खोक्याने पुसले जाते.

गंमत म्हणजे हाच सल्ला आपल्या ताटाला उलटा लागू आहे. त्या बाळाला तेल कमी पडते, आपल्याला जास्त होते. आपल्या प्रीतिभोजनात तळलेले, गोड आणि पुन्हा गोड असते, आणि शेजारच्या बाकावर निम्म्या लोकांच्या खिशात साखरेच्या गोळ्या. भाताचा एक डाव कमी करून नाचणीची भाकरी घेतली तर आपलेही भले होईल आणि ती पिकवणाऱ्याचेही. असो, तो वेगळ्या भाषणाचा विषय आहे.

खोकी येण्याची वेळही पाहायला हवी. नाताळात भात नुकताच घरात आलेला असतो. ज्यांचा पुरला नाही ती कुटुंबे दिवाळीनंतरच वीटभट्टीवर निघून गेलेली असतात, म्हणजे सर्वांत गरजू मूल त्या वेळी पाड्यावर नसतेच. खरी टंचाई आषाढ-श्रावणात. कणगी रिकामी, आई दिवसभर आवणीला चिखलात, बाळ आजीजवळ किंवा आठ वर्षांच्या बहिणीजवळ, आणि गढूळ पाण्याने जुलाब सुरू. जुलाब लागले की अन्न बंद करायची रीत आहे. ती मोडणे हे आमचे पावसाळ्यातले मोठे काम असते. ओआरएसचे पाणी, झिंकच्या गोळ्या १४ दिवस, अंगावरचे दूध चालू आणि थोडे थोडे खाणेही चालू. याईराची मुलगी उठून चालू लागल्यावर प्रभूने लगेच तिच्या खाण्याची आठवण करून दिली. आजारातून उठलेल्या लेकराजवळ बसले की मला ते नेहमी आठवते.

अन्नाने सगळे बरे होते असे मात्र समजू नका. दंडाला लावायची पट्टी आपण बाहेरच्या टेबलावर पाहिली असेल. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, दोन्ही पायांवर सूज असली किंवा मूल खायलाच तयार नसले, तर तेलाची बाटली घेऊन बसायचे नाही. त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचे. तिथून गरज पडली तर पोषण पुनर्वसन केंद्रात. आईची रोजी बुडते म्हणून ती नकार देते. तेव्हा तिच्या मागे राहिलेल्या मुलांच्या जेवणाची सोय कोणी केली तर ती येते.

म्हणून विनंती अशी. या वर्षी बिस्किटे नकोत. अर्ध्या लिटरच्या तेलाच्या बाटल्या, तूरडाळ आणि शेंगदाणे द्या, आणि ते नाताळात न देता जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पोहोचवा. नाचणी आम्ही तिथल्याच शेतकऱ्यांकडून घेऊ, ती शहरातून पाठवू नका. ज्यांना वस्तू देणे जमत नाही त्यांनी दवाखान्यात राहणाऱ्या आयांच्या घरखर्चासाठी द्यावे. आणि शेंगदाणे भाजून, घट्ट झाकणाच्या डब्यात भरून द्या. पिशवीतले कच्चे दाणे पावसात बुरशी धरतात, आणि बुरशीचे दाणे लहान मुलाला देता येत नाहीत.