शिधा आणि स्मरण

(शताब्दी वर्षानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा पाठ)



सुरतेहून वडोदऱ्याकडे निघालेली गाडी तापी ओलांडते, उत्राण मागे टाकते आणि कोसाडला येते. एके काळचे हे शेतीचे गाव आज महानगरात मिसळून गेले आहे. महापालिकेच्या आवास वसाहतीत निरनिराळ्या भाषांची कुटुंबे शेजारी शेजारी राहतात, आणि पलीकडच्या अमरोली-कतारगामच्या कारखान्यांत हिरे घासण्याच्या चाकावर, म्हणजे येथील भाषेत घंटीवर, हजारो घरांची चूल पेटते. जगातील बहुतेक हिऱ्यांना आज सुरतेच्या हातांनी पैलू पडतात. परंतु हे कसब काही दशकांपूर्वी दुसऱ्या हातांत होते. ॲमस्टरडॅम आणि अँटवर्प या दोन शहरांत ज्यू कारागिरांच्या पिढ्यांमागून पिढ्या याच चाकासमोर वाकून बसत. त्या कारागिरांचे पुढे काय झाले, हे घंटीवर बसणाऱ्या तरुणाला सहसा कोणी सांगत नाही. आजच्या विषयाला त्यांच्यापासूनच आरंभ करणे उचित होईल.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी हॉलंड व्यापले, तेव्हा ॲमस्टरडॅमच्या हिरे-कारागिरांना काही काळ अभय मिळाले. ते दयेपोटी नव्हते. हिरा युद्धसामग्रीला उपयोगी होता आणि तो घासणारा हात सहजी मिळणारा नव्हता. पुढे हे कारागीर बायकामुलांसह बेर्गेन-बेल्झेनच्या छावणीत आणले गेले. तेथे हिऱ्यांचा कारखाना उभारण्याचा बेत होता. कारखाना उभा राहिलाच नाही. १९४४ च्या डिसेंबरात पुरुषांना साक्सेनहाउझेनला आणि स्त्रियांना बेंडॉर्फला हलविण्यात आले. मागे उरली ती मुले. सुमारे पन्नास डच मुलांचा सांभाळ लुबा त्रिशिन्स्का या पोलिश ज्यू परिचारिकेने केला. स्वतःचे मूल ऑशविट्झमध्ये गमावलेली ही स्त्री भाकरीचा तुकडा, दुधाचा घोट जेथून मिळेल तेथून आणीत असे. १५ एप्रिल १९४५ रोजी ब्रिटिश सैन्य छावणीत शिरले, तेव्हा प्रेतांच्या राशींच्या मध्येच ही मुले बहुतांशी जिवंत सापडली.

या मुलांना लगेच काय हवे होते? अन्न, औषध, पांघरूण. आणि पन्नास वर्षांनी काय हवे होते? आपल्या आईबापांना काय झाले, हे कोणीतरी नोंदवून ठेवावे, शिकवावे, विसरू नये. या दोन गरजा एकाच माणसाच्या आहेत. त्या भागविणारा पैसा मात्र बहुधा एकाच थैलीतून येतो, आणि थैली कधीच पुरेशी नसते. शिधा आधी की स्मरण आधी, हा प्रश्न तेथूनच उभा राहतो.

त्या थैलीचा इतिहास थोडक्यात असा. १९५१ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्क येथे तेवीस ज्यू संस्थांनी एकत्र येऊन जर्मनीकडे दावे मांडणारी एक परिषद स्थापन केली. ‘क्लेम्स कॉन्फरन्स’ या नावाने ती आजही कार्यरत आहे. १० सप्टेंबर १९५२ रोजी लक्झेंबर्ग येथे करार झाला. पश्चिम जर्मनीने इस्रायलला तीन अब्ज मार्क आणि या परिषदेला पंचेचाळीस कोटी मार्क देण्याचे मान्य केले. हा करार सर्वांनी आनंदाने स्वीकारला असे मात्र नाही. मारेकऱ्याच्या हातून रक्ताची किंमत घ्यावयाची काय, असा संतप्त सवाल इस्रायलमध्येच उठला. १९५२ च्या जानेवारीत मेनाखेम बेगिन यांच्या नेतृत्वाखाली संसदेवर मोर्चा गेला आणि दगडफेकही झाली. तो संताप समजण्याजोगा होता. पण छावणीतून उठून आलेल्या माणसाला राहायला खोली हवी होती, आणि खोलीचे भाडे संतापाने चुकत नाही. पैसा घेतला गेला.

जर्मनीच्या एकीकरणानंतर, १९९० पासून, या निधीला आणखी एक झरा मिळाला. पूर्व जर्मनीतील ज्या ज्यू मालमत्तांवर हक्क सांगायला कोणी वारसच उरला नव्हता, त्यांची उत्तराधिकारी ही परिषद ठरली. संपूर्ण घराणीच्या घराणी नष्ट झाल्यामुळे बेवारस राहिलेली घरे, दुकाने, जमिनी विकून आलेला हा पैसा. त्याच्या वाटपात सर्वसाधारणपणे ऐंशी टक्के वाचलेल्यांच्या शुश्रूषेला आणि वीस टक्के संशोधन, दस्तऐवज व शिक्षण यांना, अशी विभागणी ठरली. त्यावरून वाद पेटला. वाचलेल्यांपैकीच कित्येकांचे म्हणणे असे की, एकही वृद्ध थंडीत विनाऔषध पडून असताना संग्रहालयाला पैसा देणे अन्याय होय. दुसरा पक्ष म्हणे, ज्यांच्या घराचा हा पैसा, ते तर मृत आहेत. त्यांचा एकमेव हक्क स्मरणाचा, आणि तोही पाचातला एकच भाग आहे.

या वादाचे मर्म ग्रंथालयाच्या देणगीदारांना वेगळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. इमारतीच्या दालनाला नाव द्यायला दाते मिळतात, ग्रंथखरेदीलाही मिळतात. परंतु शिपायाच्या पगारासाठी आणि छपराच्या गळतीसाठी देणगी मागायला गेलेला कार्यवाह बहुधा चहा पिऊन परत येतो. वृद्धाला आंघोळ घालणाऱ्या बाईच्या तासांचे पैसे हे असेच बिनपाटीचे दान आहे. त्यावर कोणाचे नाव कोरता येत नाही. ऐंशी टक्के त्या कामाला राखून ठेवणारी ही विभागणी म्हणूनच न्याय्य वाटते. उरलेल्या विसांवर डोळा ठेवणे योग्य वाटत नाही.

निधी म्हटला की अपहारही आलाच. २०१० साली उघडकीस आले की, परिषदेच्याच काही कर्मचाऱ्यांनी खोट्या कागदांच्या आधारे अनेक वर्षे भलत्याच लोकांना भरपाई मिळवून दिली होती. अपहाराची रक्कम पाच कोटी सत्तर लाख डॉलरपर्यंत गेली. अनेकांना शिक्षा झाल्या. ही वस्तुस्थिती लपविण्यात अर्थ नाही. मात्र तिचा आधार घेऊन मूळ संहारच खोटा ठरवू पाहणारे लोक जगात आहेत, हेही ध्यानात ठेवावे लागते.

२०२४ च्या जानेवारीत परिषदेने प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार जगात सुमारे दोन लाख पंचेचाळीस हजार वाचलेले लोक हयात होते. त्यांचे मध्यम वय शहाऐंशी, आणि जवळजवळ निम्मे इस्रायलमध्ये. त्यांच्या घरगुती शुश्रूषेवर आज सर्वांत मोठा खर्च होतो. येथे एक गोष्ट भारतीयांच्या लक्षात आणून दिली पाहिजे. इस्रायलमध्ये २०२३ साली सुमारे अठरा हजार भारतीय होते आणि त्यांतील बहुसंख्य वृद्धांची सेवा करणारे होते. जर्मन खजिन्यातून निघालेला युरो, न्यूयॉर्कच्या परिषदेतून फिरत, तेल अवीवच्या एखाद्या सदनिकेत भारतीय परिचारिकेच्या वेतनात मिसळतो आणि तिच्या गावी मुलीच्या शाळेची फी होतो. संहाराच्या भरपाईचा भारताशी काय संबंध, असे विचारणाऱ्याला हे एक उत्तर.

दुसरे उत्तर अधिक जुने आहे, आणि ते मुंबईचे आहे. हिटलर सत्तेवर आल्यानंतर वर्षभरातच, १९३४ साली, मुंबईत ‘ज्यूइश रिलीफ असोसिएशन’ स्थापन झाली. जर्मनी-ऑस्ट्रियातून जीव वाचवून येणाऱ्यांना हिंदुस्थानात पाऊल ठेवायचे, तर ते सरकारवर भार होणार नाहीत अशी हमी कोणीतरी द्यावी लागे. ही संस्था ती हमी घेई. नवख्यांची राहण्याची सोय, काम मिळेपर्यंतचा खर्च आणि सरकारी कचेऱ्यांशी पत्रव्यवहार, हे सारे तिने केले. येथे कोणत्याही परकीय सरकारची भरपाई नव्हती; शिधा वर्गणीतून चालला. आलेल्यांत डॉक्टर पुष्कळ होते. स्पर्धेच्या भीतीने येथील काही वैद्यक व्यावसायिकांनी कुरकुर केली, तर पंडित जवाहरलाल नेहरूंनी अशा निर्वासितांना येऊ द्यावे म्हणून आग्रह धरला. मुंबईच्या चित्रकलेला ज्यांचा हात लागला त्या रुडॉल्फ फॉन लायडेन, वॉल्टर लँगहॅमर, इमॅन्युएल श्लेसिंगर यांची नावे कलारसिकांना ठाऊक आहेत. पण हमीपत्रांच्या फायली सांभाळणाऱ्यांची नावे कोणाला ठाऊक नाहीत. बिनपाटीचे दान ते हेही.

या कहाणीला एक कडवट वळण आहे. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच ब्रिटिश सरकारने जर्मन पारपत्र बाळगणाऱ्या पुरुषांना धरून अहमदनगरला स्थानबद्ध केले. हिटलरचे भक्त आणि हिटलरचे बळी एकाच कुंपणात आले. सर माल्कम डार्लिंग यांच्या समितीने चौकशी करून अनेक ज्यूंची सुटका केली, तरी १९४० च्या मध्यावर पुन्हा धरपकड झाली आणि काही कुटुंबांची युद्धातील वर्षे पुरंदरच्या गडावर गेली. मराठी माणूस शिवशाहीच्या स्मरणाने ज्या गडाची माती कपाळी लावतो, तेथे व्हिएन्ना-बर्लिनची माणसे परवानगीच्या कागदांची वाट पाहत बसली होती.

कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीचा उल्लेख या संदर्भात हमखास होतो, म्हणून एक भेद स्पष्ट केलेला बरा. १९४३ ते १९४८ या काळात तेथे राहिलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, बहुतांशी स्त्रिया आणि मुले, हे मुख्यतः रशियाने सैबेरिया-मध्य आशियात हद्दपार केलेले ख्रिस्ती लोक होते. त्यांचे दुःख मोठे, पण ते ज्यू-संहाराचे दुःख नव्हे. दोन्हींची सरमिसळ केल्याने कोणाचाच सन्मान होत नाही. पोलिश लोक गेल्यावर त्याच बराकींत फाळणीने उखडलेली सिंधी कुटुंबे आली आणि आजचे गांधीनगर वसले. महाराष्ट्राने शिधा दिला आहे, अनेकांना दिला आहे. हे अभिमानाने सांगता येते.

स्मरणाच्या खात्यात मात्र जमा फारशी दिसत नाही. मराठी शाळेत कडक मुख्याध्यापकाला मुले ‘हिटलर’ म्हणतात, आणि त्यात भीतीइतकेच कौतुकही असते. २००४ साली गुजरातच्या माध्यमिक शाळांतील सामाजिक शास्त्राच्या पुस्तकात नाझी राजवटीच्या अंतर्गत यशाचे गोडवे होते आणि संहाराचा उल्लेख जवळपास नव्हता. त्यावर देशभर टीका झाली. ती पुस्तके आता चालू नाहीत. पण सुरतेच्या मराठी माध्यमाच्या शाळांतून त्या वर्षांत शिकलेली मुले आज पस्तिशीच्या घरात आहेत, आणि त्यांच्यापैकी कोणी कोसाडच्या घंटीवर बसत असेल. २००६ साली नवी मुंबईत खारघरला हिटलरच्या नावाचे उपाहारगृह निघाले. मुंबईच्या ज्यू समाजाने निषेध केल्यावर नाव बदलले गेले. मालकाला द्वेष पसरवायचा होता असे दिसत नाही. त्याला केवळ लक्षात राहणारे नाव हवे होते. अज्ञान किती निरागस असू शकते, याचा हा नमुना. त्याच वर्षी केंद्रीय अभ्यासक्रमाच्या नववीच्या इतिहासात नाझीवादावर स्वतंत्र प्रकरण आले, ही समाधानाची बाब.

संयुक्त राष्ट्रसंघाने १ नोव्हेंबर २००५ च्या ठरावाने २७ जानेवारी, म्हणजे ऑशविट्झ मुक्त झाल्याचा दिवस, स्मृतिदिन ठरविला. २०२२ साली जर्मन सरकारने प्रथमच केवळ संहारविषयक शिक्षणासाठी म्हणून चार वर्षांकरिता दहा कोटी युरो देऊ केले. साक्षीदार संपत चालले, हे दात्यालाही उमगले. अशा अनुदानातून शिक्षकांचे वर्ग भरतात, साक्षी चित्रित होतात, भाषांतरे होतात. तो पैसा मराठी माध्यमाच्या वर्गापर्यंत यावा म्हणून अर्ज तरी कोण करणार? जुन्या मराठी ग्रंथालयाला त्यासाठी कोणाकडे हात पसरण्याचे कारण नाही. हिटलरचे आत्मचरित्र मराठीत आहे, रेल्वे स्थानकावरच्या पुस्तकांच्या गाड्यावरही मिळते. ॲन फ्रँकची रोजनिशीही मराठीत आहे. पहिले मागणाऱ्या वाचकाच्या हाती दुसरे ठेवणे, हे ग्रंथपालाला एका पैशाच्या अनुदानाशिवाय करता येते. फक्त दोन्ही पुस्तके त्याने स्वतः वाचलेली हवीत.

पुन्हा हिऱ्यांकडे वळू. सुरतेचा व्यापारी ब्रुसेल्सच्या विमानतळावर उतरून अँटवर्पला जाणारी रेल्वे धरतो, तेव्हा वाटेत मेखेलेन हे स्थानक लागते. तेथे दोसँ नावाच्या बराकी आहेत. १९४२ ते १९४४ या काळात बेल्जियमचे पंचवीस हजारांहून अधिक ज्यू आणि रोमा येथूनच गाड्यांत कोंबून ऑशविट्झच्या वाटेला लावले गेले. त्यांत अँटवर्पचे हिरे-कारागीरही होते. विसांत जेमतेम एक परतला. युद्धानंतर बराकी बराच काळ लष्कराकडे राहिल्या, नंतर त्यांचे सदनिकांत रूपांतर होऊ लागले आणि लोक तेथे संसार मांडू लागले. वाचलेल्यांनीच धडपड करून एका बाजूच्या काही खोल्या मिळविल्या आणि १९९५ मध्ये तेथे संग्रहालय उघडले. आज तेथील एका भिंतीवर, मजल्यांमागून मजले, नेल्या गेलेल्यांची छायाचित्रे लावलेली आहेत. ज्यांचे छायाचित्र मिळाले नाही, त्यांच्या चौकटी रिकाम्या ठेवल्या आहेत. एखादे छायाचित्र कोठे सापडले, तर ते अजूनही आणून तेथे बसवितात.