बांधावरचे वावडे

अ‍ॅलर्जीवरील चर्चा हल्ली जेथे होते तेथे तिचे चित्र बहुधा शहरी असते : शेंगदाण्याच्या एखाद्या दाण्याने जीव धोक्यात येणारे मूल, गादीतल्या धुळीत वाढणारे सूक्ष्म किडे, आणि ज्यांच्या एका मात्रेची किंमत शेतमजुराच्या कित्येक आठवड्यांच्या कमाईइतकी भरते अशी नवी इंजेक्शने. हे चित्र खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे, आणि रायपूरहून धमतरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर धानाच्या शेतांच्या मधोमध वसलेल्या अभनपूरसारख्या तहसिलीच्या गावी, नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगढात स्थिरावत आलेल्या मराठी समाजातील डॉक्टर, कृषिशास्त्रज्ञ आणि विज्ञानलेखक एकत्र जमत असताना त्याच चित्राची पुनरुक्ती करणे अनुचित ठरेल. भारतातील अ‍ॅलर्जीच्या इतिहासात ज्या प्रकरणाला अग्रस्थान द्यावयास हवे ते शेताच्या बांधावर घडले, त्याचा मार प्रामुख्याने उघड्यावर काम करणाऱ्या माणसांनी सोसला, आणि त्याच्या सुरुवातीच्या वैद्यकीय नोंदी पुण्यातून झाल्या. ते प्रकरण म्हणजे गाजर गवत, ज्याला महाराष्ट्रात काँग्रेस गवत आणि छत्तीसगढात गाजर घास म्हणतात.

मूळची मध्य अमेरिकेच्या परिसरातील ही वनस्पती पुण्यात आढळल्याची नोंद आर. एस. राव यांनी १९५६ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. पी. एल. ४८० या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकी धान्यकरारातून तिचे बी भारतात आले ही समजूत आज इतकी रूढ आहे की ती पाठ्यपुस्तकांतही शिरली आहे. मात्र तो करार १९५६ च्या ऑगस्टमधला असल्याने आणि गवत त्याआधीच पुण्यात दिसू लागलेले असल्याने हा आरोप कालक्रमात बसत नाही. १९५१ च्या टंचाईतही अमेरिकी गहू कर्जाऊ मदत म्हणून आला होता, तेव्हा धान्याशी असलेला संबंध सर्वस्वी नाकारता येत नाही, इतकेच म्हणणे न्याय्य होईल. एक झाड हजारो बिया देते, त्या बिया वाऱ्याने, पाण्याने, वाहनांच्या चाकांना लागलेल्या चिखलाने आणि रस्त्यांसाठी वाहून नेलेल्या मातीमुरुमाने पसरतात, आणि म्हणून जेथे जेथे नवा रस्ता झाला, कालवा खणला गेला किंवा रुळांची कड उकरली गेली तेथे तेथे हे गवत माणसाच्या आधी वस्तीला आले.

१९६८ साली पुण्यातील डॉक्टर लोणकर आणि जोग यांनी या गवतामुळे होणाऱ्या त्वचादाहाची नोंद भारतीय त्वचारोग नियतकालिकात केली. पुढे १९७४ मध्ये लोणकर यांनी व्हँकुव्हरचे मिचेल आणि लंडनचे कॅलनन यांच्यासह त्या विकाराचे विस्तृत वर्णन प्रसिद्ध केले, आणि १९७६ पर्यंत पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील रसायनशास्त्रज्ञांच्या साहाय्याने गवतातील अ‍ॅलर्जीकारक द्रव्याचा शोधही पुढे गेला. रुग्णालयातील त्वचाविभाग आणि रसायनाची प्रयोगशाळा यांनी एकाच शहरात, एकाच प्रश्नावर खांद्याला खांदा लावून काम केल्याचे हे उदाहरण मराठी विज्ञानपरंपरेत जितके सांगितले जावयास हवे तितके सांगितले गेलेले नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

या आजाराची जडणघडण समजण्यासाठी अ‍ॅलर्जीचे दोन मार्ग वेगळे करणे आवश्यक आहे. क्लेमेन्स फॉन पिर्केट यांनी १९०६ मध्ये अ‍ॅलर्जी ही संज्ञा मांडली तेव्हा शरीराची बदललेली प्रतिक्रिया एवढाच तिचा व्यापक अर्थ होता. पुढे १९६६-६७ च्या सुमारास इशिझाका दांपत्याने अमेरिकेत आणि योहान्सन व बेनिक यांनी स्वीडनमध्ये आयजीई या प्रतिपिंडाचा, म्हणजे परक्या द्रव्याला ओळखून चिकटणाऱ्या प्रथिनाचा, शोध लावला आणि शिंका, दमा, अंगावर उठणाऱ्या गांधी यांसारख्या काही मिनिटांत उमटणाऱ्या प्रतिक्रियांचे कोडे सुटले. गाजर गवताचा त्वचादाह या मार्गाने होत नाही. त्यात पार्थेनिन नावाचे, सेस्क्विटर्पिन लॅक्टोन या गटातले कडवट द्रव्य त्वचेतील प्रथिनांशी जोडले जाते, टी पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी त्या जोडणीला परकी म्हणून लक्षात ठेवतात, आणि पुढच्या प्रत्येक संपर्कात एक-दोन दिवसांनी सूज, कंड आणि पाझर घेऊन हजर होतात. हा उशीरच फसवा ठरतो, कारण सोमवारी निंदणी केलेल्या माणसाला बुधवारी खाज सुटली की तो त्या दिवशीच्या जेवणाला, साबणाला किंवा उन्हाला दोष देतो.

उन्हावर येणारा संशय विशेष चिवट आहे, आणि त्याला कारणही आहे : पुरळ चेहरा, मान, कोपरांच्या खळग्या आणि हातांचा उघडा भाग येथेच उठतो. परंतु केवळ उन्हाच्या विकारात वरच्या पापण्या, कानामागची जागा आणि हनुवटीखालचा भाग, जेथे सावली असते, तो बराचसा वाचतो, तर गवताचे वाळलेले सूक्ष्म केस वाऱ्याबरोबर तेथेही पोहोचतात आणि म्हणून तेथेही त्वचा जाड, काळवंडलेली व सुरकुतलेली होते. हातात गवत कधीही न धरलेल्या माणसालाही हा रोग होऊ शकतो तो यामुळेच. वर्षानुवर्षे दुर्लक्ष झाले तर मात्र त्वचा खरोखरच प्रकाशालाही असहिष्णू होते आणि ज्याचे पोट उन्हात राबण्यावर आहे त्याला ऊन सोसवेनासे होते; या आजाराची सर्वांत क्रूर अवस्था तीच.

या टप्प्यापर्यंत रुग्ण का पोहोचतो, याचे उत्तर रोगाच्या गुंतागुंतीत कमी आणि औषधाच्या दुकानात अधिक आहे. क्लोबेटासोलसारखे तीव्र स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकाच नळीत भरलेले मलम चिठ्ठीशिवाय मिळते, दोन दिवसांत आराम देते, आणि कारण शोधण्याची गरजच उरू देत नाही. केंद्र सरकारने २०१८ मध्ये चौदा स्टिरॉइड मलमे शेड्यूल एचमध्ये, म्हणजे केवळ डॉक्टरांच्या चिठ्ठीवर विकावयाच्या औषधांत, घातली. कागदावरचा तो नियम गावच्या दुकानाच्या काउंटरपर्यंत पोहोचविण्याचे काम अजून बाकी आहे. खरे निदान होते ते पॅच टेस्टने. संशयित द्रव्यांचे थोडेथोडे प्रमाण छोट्या चकत्यांत घालून त्या पाठीवर अठ्ठेचाळीस तास चिकटवावयाच्या आणि काढल्यावर व त्यानंतर आणखी दोन दिवसांनी त्वचा पाहावयाची, एवढी साधी ही चाचणी आहे आणि भारतीय रुग्णांसाठी ठरविलेल्या द्रव्यमालिकेत गाजर गवताचा समावेश आहे. तिला यंत्र लागत नाही, लागतो तो प्रशिक्षित डोळा आणि रुग्णाला तीनदा बोलावता येईल अशी व्यवस्था. आणि ज्याची रोजी बुडते त्याला तीनदा बोलावणे ही वैद्यकीय नव्हे तर सामाजिक अडचण आहे, हे मान्य केल्याखेरीज तिच्यावर उपाय सुचणार नाही.

उपचाराच्या बाबतीतही भारतीय संशोधनाने मोलाची भर घातली आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील त्वचारोगतज्ज्ञांनी अ‍ॅझाथायोप्रिन हे जुने, स्वस्त, प्रतिकारयंत्रणेला आवर घालणारे औषध या आजारात पद्धतशीरपणे तपासले आणि पोटातून दिल्या जाणाऱ्या स्टिरॉइडला तो समर्थ पर्याय असल्याचे दाखविले. त्याला एक गंभीर पुरवणी जोडावी लागते. २०१४ मध्ये कोरियातील रुग्णांच्या अभ्यासातून एनयूडीटी१५ या जनुकातील एक बदल उघडकीस आला, ज्याच्या वाहकांमध्ये हे औषध पांढऱ्या पेशी धोकादायक प्रमाणात घटवू शकते. युरोपीय लोकांत विरळ असलेला हा बदल भारतीयांत बराच आढळतो, म्हणून पाश्चात्त्य पुस्तकांतील दुसऱ्याच एका एन्झाइमच्या तपासणीवर विसंबून येथील रुग्णाला निर्धास्त सोडता येत नाही. जनुकचाचणी परवडत नसेल तर मात्रा लहान ठेवून सुरुवातीच्या आठवड्यांत रक्तपेशींची मोजणी वारंवार करणे हा मार्ग प्रत्येक जिल्हा रुग्णालयाच्या आवाक्यातला आहे.

हवामानबदलाचा संदर्भ येथे ओढून आणलेला नाही. २०२१ साली नेचर प्लांट्स या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात गाजर गवताचे दोन प्रकार वेगवेगळ्या कार्बन डायऑक्साइडमध्ये वाढविण्यात आले, आणि विसाव्या शतकाच्या मध्यातील पातळीच्या तुलनेत आजच्या पातळीवर आक्रमक प्रकारातील पार्थेनिनचे प्रमाण लक्षणीय वाढलेले आढळले, तर कमी पसरणाऱ्या प्रकारात तसे घडले नाही. याचा अर्थ असा की पुण्यात ज्या गवताची नोंद झाली त्यापेक्षा आजचे गवत, तेच असूनही, अधिक त्रासदायक असण्याची शक्यता गंभीरपणे विचारात घ्यावी लागते.

गाजर गवताचे परागकण आयजीईच्या मार्गाने नाकही बिघडवतात, आणि मळणीच्या दिवसांत धानाचा भुसा व त्यावरची बुरशी, भातगिरण्यांतील धूळ आणि चुलीचा धूर या सर्वांचा भार एकाच छातीवर पडतो. जगातील दम्याच्या रुग्णांपैकी सुमारे तेरा टक्के भारतात आहेत, परंतु दम्याने होणाऱ्या मृत्यूंत भारताचा वाटा चाळीस टक्क्यांच्या वर जातो. ही तफावत रोगाच्या तीव्रतेने नव्हे, उपचाराच्या अभावाने निर्माण झाली आहे. पुण्यासह देशातील नऊ केंद्रांवर सव्वा लाखाहून अधिक लोकांची पाहणी करणाऱ्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात छातीत घरघर असणाऱ्यांपैकी सुमारे ८२ टक्के लोकांच्या दम्याचे निदानच झालेले नव्हते. निदान झाले तरी हाती पडते ती श्वासनलिका तात्पुरती मोकळी करणारी गोळी किंवा फवारा, तर आतली सूज उतरविणारे श्वासावाटे घ्यावयाचे स्टिरॉइड फारच थोड्यांना नियमित मिळते. दम्याच्या जागतिक मार्गदर्शिकेने २०१९ पासून केवळ तात्पुरता आराम देणारा फवारा एकट्याने वापरू नये असे स्पष्ट सांगितले आहे. या एका वाक्याचे पालन झाले तर जितके प्राण वाचतील तितके कोणत्याही महागड्या इंजेक्शनाने वाचणार नाहीत.

अन्नाच्या अ‍ॅलर्जीविषयी थोडक्यात पुरे, कारण येथे भीती रोगापेक्षा मोठी झाली आहे. बेंगळुरू-म्हैसूर परिसरातील प्रौढांच्या अभ्यासात सुमारे २६ टक्के लोकांच्या रक्तात कोणत्या ना कोणत्या अन्नाविरुद्ध आयजीई सापडले, पण प्रत्यक्ष अन्नअ‍ॅलर्जी संभवत होती ती जेमतेम एका टक्क्याला. तेथील मुलांत तर हे प्रमाण ०.१४ टक्के इतके अल्प होते. असे असताना शंभर-शंभर पदार्थांच्या रक्तचाचण्या विकून, त्यांच्या जोरावर लोकांना डाळ, दूध, वांगी आणि गहू सोडावयास लावणे हा कुपोषणाला दिलेला वैद्यकीय आधार होय. खरी अन्नअ‍ॅलर्जी असलेल्यांसाठी मात्र काळ आशेचा आहे : २०१५ च्या ब्रिटिश अभ्यासाने धोका असलेल्या अर्भकांना शेंगदाणा लवकर खाऊ घातल्यास अ‍ॅलर्जी मोठ्या प्रमाणात टळते हे दाखवून जुना सल्ला उलटा केला, आणि २०२४ मध्ये अमेरिकेत ओमालिझुमॅब या इंजेक्शनाला अन्नअ‍ॅलर्जीसाठी, तर नाकात फवारावयाच्या अ‍ॅड्रेनॅलिनला तीव्र प्रतिक्रियेसाठी मान्यता मिळाली. मधमाशीच्या दंशाने वा औषधामुळे रक्तदाब कोसळत असलेल्या रुग्णाला मांडीच्या स्नायूत द्यावयाची अ‍ॅड्रेनॅलिनची कुपी मात्र नवी नाही, महाग नाही, आणि ती देण्यास कचरणे हीच आजही मुख्य चूक आहे.

गवताचे काय करावयाचे, हा प्रश्न डॉक्टरांनी कृषिखात्यावर सोपवून मोकळे होता येत नाही. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाच्या पुढाकाराने दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट या काळात गाजर गवत जागृती सप्ताह पाळला जातो, आणि त्या निमित्ताने शाळा-महाविद्यालयांतील मुले उत्साहाने श्रमदान करतात. पण उघड्या हातांनी, फुलांवर आलेले गवत उपटावयास लावणे म्हणजे निरोगी मुलांना त्याच द्रव्याची ओळख करून देणे आहे. हातमोजे, पूर्ण बाह्या, फुले येण्यापूर्वीची वेळ आणि ज्याला एकदा पुरळ उठले त्याला या कामातून कायमची सूट, एवढे नियम संयोजकांनी लेखी घालून पाळले पाहिजेत. मेक्सिकोहून आणून १९८४ मध्ये बेंगळुरूला सोडलेला झायगोग्रामा हा भुंगेरा पावसाळ्यात या गवताची पाने फस्त करतो, तरी त्याच्या एकट्याच्या बळावर गवत हटलेले नाही. अधिक आशादायक उपाय येथल्या मातीतच आहे. विदर्भात तरोटा, कोकणात टाकळा आणि छत्तीसगढात चरोटा म्हणून ज्याची कोवळी पाने भाजीसाठी खुडतात ती वनस्पती दाट वाढून गाजर गवताला जागाच देत नाही, आणि तण संशोधक तिचे बी पडीक जागी फेकण्याची शिफारस करतात.

३० मार्च २०२५ रोजी रायपूर-अभनपूर मार्गावर रुंद रुळांवरून मेमू गाडी सुरू झाली. हा मार्ग घालताना रुळांच्या दोन्ही बाजूंनी जी माती हलली आणि जी जमीन उघडी पडली ती अशा गवताला सर्वाधिक प्रिय असते. त्या पट्ट्यात पावसाळ्यापूर्वी चरोट्याचे बी टाकण्याची योजना रेल्वे, ग्रामपंचायती आणि कृषिविद्यापीठ यांच्यासमोर ठेवण्याचा, तसेच जिल्ह्यातील त्वचारोग विभागांच्या केसपेपरवर रुग्णाचा व्यवसाय आणि शेजारचे गवत यांसाठी एक रकाना छापून घेण्याचा ठराव या संमेलनाने आजच्या बैठकीत संमत करावा, असे अध्यक्षांचे सुचविणे आहे.