एका ताग्यातून निघणाऱ्या चार वाटा

(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)



आजच्या समारंभात ‘संशोधन आणि आपला समाज’ या विषयावर चार शब्द बोलावेत, अशी आपण मला आज्ञा केली, त्याबद्दल मी आपला आभारी आहे. विषय मोठा आहे आणि वेळ थोडा आहे. म्हणून मोठमोठी नावे घेऊन आपणांस दिपवून टाकण्याऐवजी आपल्या सर्वांच्या परिचयाची एक वस्तू मी आपल्यासमोर ठेवतो. ती वस्तू म्हणजे कापडाचा एक तागा. आपल्यापैकी कित्येकांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या माग चालले, कित्येकांनी सूत रंगविले, कित्येकांनी डोक्यावर गठ्ठे घेऊन गावोगाव कापड विकले. तेव्हा या वस्तूविषयी आपणांस शिकविण्याचे धाडस मी करणार नाही. या एका ताग्यातून संशोधनाच्या किती वाटा निघतात, तेवढेच दाखवतो.

पहिली वाट ताग्यावर चिकटविलेल्या चित्रापासून निघते. इंग्रजी अमदानीत मँचेस्टरचे कापड हिंदुस्थानात येई, तेव्हा प्रत्येक ताग्यावर एक रंगीत छापील चित्र असे. व्यापारी त्याला तिकीट म्हणत. कोणावर हत्ती, कोणावर वाघ, कोणावर राजा, कोणावर आगगाडी. हे चित्र शोभेसाठी नव्हते. घेणाऱ्याला अक्षर वाचता येत नव्हते, तरी मागच्या वेळी घेतलेले चांगले कापड त्याला पुन्हा ओळखता यावे, यासाठी ते होते. ‘हत्तीछाप द्या,’ एवढे म्हटले की काम झाले. पुढे १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत कोट्यवधी निरक्षर मतदारांसमोर हाच प्रश्न उभा राहिला आणि त्याचे उत्तरही तेच निघाले, ते म्हणजे निवडणूक चिन्ह.

जाहिरातीची कला म्हणजे नुसती रंगरंगोटी, असे आपण समजतो. वस्तुतः ती माणसाच्या नजरेचा अभ्यास आहे. माणूस आधी काय पाहतो, किती अंतरावरून अक्षर वाचतो, कोणता रंग कोणत्या रंगावर उठून दिसतो, नागरी आणि उर्दू अक्षरे एकाच फलकावर कशी बसवावीत, हे सारे मोजून तपासण्याचे प्रश्न आहेत. पंढरपूरला जन्मलेले मकबूल फिदा हुसेन मुंबईत आले, तेव्हा १९३० नंतरच्या काळात ते सिनेमाचे फलक रंगवून पोट भरत होते. फलक रंगविणाऱ्या मुलाला ‘याचे शिक्षणात लक्ष नाही’ असे म्हणताना एवढे आठवावे. लसीकरणाचा एक फलक आईला समजतो आणि दुसरा समजत नाही, हे का होते? या प्रश्नाचे उत्तर शोधणारा मुलगा हा संशोधकच होय.

दुसरी वाट विणीची आहे. मशरू नावाचे कापड आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना ठाऊक असेल. त्या शब्दाचा अर्थच मुळी ‘शरीअतने मान्य केलेले’ असा आहे. पुरुषांनी शुद्ध रेशीम अंगाला लावू नये, ही मर्यादा आपणांस माहीत आहे. विणकरांनी ही मर्यादा मोडली नाही आणि रेशमाचा सोसही सोडला नाही. त्यांनी उभा धागा रेशमाचा घेतला, आडवा धागा सुताचा घेतला आणि वीण अशी बसविली की रेशीम वरच्या बाजूस दिसावे व अंगाला सूतच लागावे. गुजरातेतील पाटणचे मशरू यासाठी प्रसिद्ध आहे. आपल्या महाराष्ट्रात औरंगाबादचे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचे, हिमरू आहे. तेही सुती आणि रेशमी धाग्यांचेच काम.

आता विचार करा, ज्याने प्रथम ही वीण बसविली, त्याने काय केले? त्याच्यापुढे एक अडचण होती. त्याने धागे मोजले, करून पाहिले, चुकले ते उसवले आणि पुन्हा केले. यालाच आज आपण प्रयोग म्हणतो. फरक एवढाच की, त्याने ते कोठे लिहून ठेवले नाही. एक म्हातारा कारागीर डोळे मिटतो, तेव्हा त्याच्याबरोबर एक संपूर्ण पुस्तक मातीत जाते. जुन्या विणी, नक्षीचे हिशोब, मागाच्या भागांची नावे यांची नोंद करणे हे विद्यापीठात मान्यता पावलेले संशोधन आहे, आणि त्यासाठी ज्या घरात जावे लागते ते कदाचित आपलेच घर असेल.

तिसरी वाट धाग्याची. येथे मी आपणांस एकदम पदार्थविज्ञानाकडे नेणार आहे, पण घाबरू नका, धागा हातातून सोडणार नाही.

घन, द्रव आणि वायू या पदार्थाच्या तीन अवस्था आपली मुले शाळेत शिकतात. वायूला फार उष्णता दिली किंवा त्यातून जोराने वीज सोडली, तर त्याच्या अणूंमधील इलेक्ट्रॉन सुटे होतात. या चौथ्या अवस्थेला अमेरिकन शास्त्रज्ञ अर्व्हिंग लँगम्यूर यांनी १९२८ साली प्लाझ्मा हे नाव दिले. सूर्य हा प्लाझ्मा आहे, आभाळातली वीज प्लाझ्मा आहे आणि ट्यूबलाइटमध्ये उजेड पडतो तोही प्लाझ्मामुळेच. किती उष्णतेला वायूचे किती अणू असे फुटतात, याचे समीकरण १९२० साली एका भारतीयाने मांडले. त्यांचे नाव मेघनाद साहा. ढाक्याजवळच्या एका खेड्यातील किराणा दुकानदाराचे हे पुत्र. शाळा घरापासून दूर, पैशांची चणचण. एका डॉक्टरांनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले आणि घरची कामे करून ते शिकले. दुकानदार पालकांनी हे नाव लक्षात ठेवावे.

गुजरातेत गांधीनगरजवळ प्लाझ्मा संशोधन संस्था आहे. तेथे १९८९ साली ‘आदित्य’ नावाचे यंत्र सुरू झाले. सूर्याच्या पोटात जी क्रिया चालते तिच्यापासून पृथ्वीवर वीज मिळविता येईल काय, याच्या अभ्यासासाठी तप्त प्लाझ्मा चुंबकांच्या साहाय्याने कोंडून धरणारे हे यंत्र आहे. याच संस्थेकडे एक निराळाच प्रश्न आला. अंगोरा सशाची लोकर अतिशय मऊ, परंतु तितकीच गुळगुळीत. कातताना तिचे तंतू एकमेकांवरून निसटतात, म्हणून तीत दुसरी लोकर मिसळावी लागते. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था आणि ही प्लाझ्मा संस्था यांनी मिळून यावर उपाय शोधला. प्लाझ्मा सगळाच सूर्यासारखा तापलेला नसतो. ट्यूबलाइटला हात लावला तर हात जळत नाही. असा थंड प्लाझ्मा लोकरीवरून फिरविला की तंतूचा पृष्ठभाग किंचित खडबडीत होतो आणि तंतू एकमेकांना धरून राहतात. पाणी नको, रसायन नको. सूर्याचा अभ्यास करणारा माणूस आणि कातणारी बाई एकाच टेबलाशी बसली, तेव्हा हे झाले.

चौथी वाट रंगाची, आणि ती समुद्रापर्यंत जाते. निळीचा हौद लावणारे रंगरेज आता फार थोडे उरले. नीळ पाण्यात विरघळत नाही. म्हणून हौदात चुना, गूळ वगैरे घालून ते आंबवीत. त्यात सूक्ष्म जंतू वाढतात, प्राणवायू संपवितात, आणि मग नीळ विरघळते. कापड बाहेर काढले की ते पिवळट हिरवे दिसते. हवा लागली की पाहता पाहता निळे होते. हौदाला फार हवा लागली तर हौद ‘बिघडतो’, हे प्रत्येक रंगरेजाला माहीत होते. प्राणवायू असला तर एक रसायन, नसला तर दुसरे, हा सारा त्याचा खेळ.

आता हाच खेळ अरबी समुद्रात पाहा. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात खोलातले थंड, कमी प्राणवायूचे पाणी वर सरकते. त्यात वनस्पतींचे खाद्य भरपूर असते. सूक्ष्म वनस्पती वाढतात, मरतात, खाली बसतात, आणि त्यांना कुजविणारे जंतू उरलासुरला प्राणवायू संपवून टाकतात. वरून पावसाच्या गोड्या पाण्याचा थर झाकणासारखा बसलेला असतो, त्यामुळे हवा खाली पोहोचत नाही. मग जंतू पाण्यातील नायट्रेट वापरू लागतात आणि नायट्रस ऑक्साइड नावाचा वायू तयार होतो. वजनास वजन घेतले तर पृथ्वीला तापविण्यात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे पावणेतीनशे पट प्रभावी आहे. आपल्या किनाऱ्यालगत तो मोठ्या प्रमाणात साठतो, हे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील सय्यद वजीह अहमद नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली ‘नेचर’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात मांडले. नक्वी यांना १९९६ साली भटनागर पुरस्कार मिळाला होता. पुढे ते त्याच संस्थेचे संचालक झाले. त्यांच्या कितीतरी आधी, १९७४ ते १९८१ या काळात, अलीगढला शिकलेले सय्यद जहूर कासिम त्या संस्थेचे संचालक होते. ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघालेल्या आणि ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकावर पोहोचलेल्या पहिल्या भारतीय मोहिमेचे नेतृत्व त्यांनीच केले.

समुद्राचे रसायन हा दूरचा विषय नाही. माणसाने हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे चौथा हिस्सा समुद्र शोषून घेतो, आणि त्यामुळे त्याचे पाणी हळूहळू आम्लतेकडे झुकत आहे. शिंपले आणि प्रवाळ यांना कवच बांधणे त्यामुळे कठीण होते. कोकणातील ज्या बांधवांचे पोट मासळीवर आहे, त्यांच्या चुलीशी या रसायनाचा संबंध आहे. आणि रंगाचे सांडपाणी ओढ्यात सोडताना ते शेवटी कोठे जाते, याचा विचार आपल्या गावांनीही करावयास हवा.

बंधू-भगिनींनो, येथवर मी शास्त्रज्ञांच्या गोष्टी सांगितल्या. आता एक घरची सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय माझे बोलणे पुरे होणार नाही.

आमच्या घरी दोन माग होते. माझी थोरली बहीण, आपा, कांड्या भरीत असे. सातवीनंतर तिची शाळा बंद झाली. त्या काळी तसेच होते आणि कोणी त्यावर वादही घातला नाही. एकदा जेवताना तिने अब्बांना विचारले, ‘उन्हाळ्यात सूत जास्त का तुटते? पावसाळ्यात का तुटत नाही?’ अब्बा म्हणाले, ‘हवेचा गुण आहे, बेटी.’ विषय तेथेच संपला. पुढे मी कॉलेजात गेलो. तेथे शिकलो की कापसाचा तंतू हवेतील ओल शोषून घेतो आणि ओलसर झाला की अधिक मजबूत होतो. म्हणूनच गिरण्यांतून हवा मुद्दाम दमट ठेवतात. सुट्टीत घरी आलो तेव्हा मोठ्या ऐटीत मी हे आपाला सांगितले. तिने हातातली कांडी खाली ठेवली आणि म्हणाली, ‘म्हणजे माझा प्रश्न बरोबर होता.’

एवढेच म्हणाली. पण त्या दिवसापासून मला माझ्या पदवीचा अभिमान थोडा कमी वाटतो. प्रश्न तिचा होता, कॉलेज मला मिळाले. घरात संशोधक एकच होता, आणि तो मी नव्हतो.

इब्न अल-हैथम, अल-बिरुनी यांची नावे आपण व्यासपीठावरून घेतो, टाळ्या पडतात. घ्यावीत, ती आपली आहेत. परंतु हजार वर्षांपूर्वीच्या अभिमानावर आजची प्रयोगशाळा चालत नाही. ज्या धर्माचा पहिलाच आदेश वाचण्याचा आहे, त्याच्या अनुयायांच्या घरात मुलीचा प्रश्न जेवणाच्या ताटाशीच का संपावा?

पालकांना माझी विनंती आहे. ‘कोणत्या लाइनला जास्त पैसा?’ हे अवश्य विचारा, संसार आपल्याला चालवावयाचा आहे. पण त्याआधी मुलाला किंवा मुलीला विचारा, ‘तुला कशाचे कुतूहल वाटते?’ संशोधनाने पोट भरत नाही, ही समजूतही सोडा. पदव्युत्तर शिक्षणानंतर राष्ट्रीय पात्रता परीक्षेत चांगले गुण मिळवून निवड झाली, तर पीएच. डी. करताना शासनाकडून दरमहा शिष्यवृत्ती मिळते. मुलगी हुशार असेल तर दहावी, बारावीला तिची वाट अडवू नका. मुलगा दुकानात बसत असेल तर बसू द्या, पण शाळेची वेळ दुकानाला देऊ नका.

विद्यार्थी मित्रहो, तुम्हाला एकच काम सांगतो. आज घरी गेल्यावर एक वही घ्या. रोज एक प्रश्न लिहा, घरातला, मोहल्ल्यातला, कारखान्यातला. उत्तर ठाऊक नसले तरी चालेल. आजोबांना, नानीला त्यांच्या धंद्यातले दहा शब्द विचारा आणि अर्थासह लिहून ठेवा. गणिताला आणि इंग्रजीला भिऊ नका. ती दोन्ही हत्यारे आहेत, हातात घेतल्याशिवाय त्यांची सवय होत नाही.

आणि संस्थेच्या चालकांना सुचवितो की, पुढील वर्षीच्या स्मरणिकेत पहिल्या आलेल्यांच्या छायाचित्रांबरोबर विद्यार्थ्यांनी विचारलेल्या उत्तम प्रश्नांचेही एक पान असावे. प्रश्नाखाली त्या मुलाचे किंवा मुलीचे नाव छापा. माझ्या आपाचे नाव कोठेही छापून आले नाही. तिच्या नातींचे तरी यावे, एवढी इच्छा व्यक्त करून मी माझे भाषण संपवितो.

खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.