खोट्या जखमेचं शिक्षण

परभणीच्या माझ्या विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

मघाशी तुमच्या संमेलनाच्या पडद्यामागे डोकावलो. तुमच्या नाटकातल्या सैनिकाच्या कपाळावर रक्त म्हणून कुंकू लावलेलं होतं. शेवटच्या रांगेलाही ते पटणार नाही. खरं रक्त साकळलं की तपकिरी दिसतं. म्हणून आम्ही साखरेच्या घट्ट पाकात खाण्याचा लाल रंग आणि चिमूटभर कोको घालतो. मुंग्या येतात, तेवढं सांभाळा!

स्पेशल इफेक्ट्स मेकअप म्हणतात तो हाच धंदा. पार्लरचा कोर्स केला की हे आपोआप येईल, असं अनेक पालकांना वाटतं. येत नाही. इथे अर्धं काम मूर्तिकाराचं आणि अर्धं रसायनशास्त्राचं. दातांचे डॉक्टर माप घ्यायला अल्जिनेट वापरतात, तेच नाकपुड्या मोकळ्या ठेवून चेहऱ्यावर थापायचं, वरून प्लास्टरच्या पट्ट्या. त्या साच्यातून चेहऱ्याची प्रतिकृती निघते. तिच्यावर मातीने सुरकुत्या कोरायच्या, त्याचा पुन्हा साचा काढायचा आणि त्यात सिलिकॉन ओतायचं. त्यातून निघणाऱ्या तुकड्याची कड कागदापेक्षा पातळ हवी. कड दिसली की सगळी मेहनत पाण्यात.

‘द एक्झॉर्सिस्ट’ या चित्रपटाचा अमेरिकी रंगभूषाकार डिक स्मिथ मुळात दंतवैद्यक शिकायला विद्यापीठात गेलेला. तिथे मेकअपचं एक पुस्तक हाती पडलं आणि दात मागे राहिले. पुढे त्याने आपली कृती लपवली नाही, चक्क टपालाने अभ्यासक्रम चालवला. आपल्याकडे मात्र अजूनही ‘उस्तादाचा मसाला’ डबीत बंद असतो. ही खोड मोडली पाहिजे.

तरी हे काम आता आपल्याकडेही होऊ लागलंय. 2009 मध्ये ‘पा’ चित्रपटासाठी अमिताभ बच्चन यांचा चेहरा परदेशी कलाकारांनी घडवला. पुढे ‘बेलबॉटम’मध्ये लारा दत्तांना इंदिरा गांधी केलं ते आपल्या विक्रम गायकवाडांनी. राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारा हा मराठी रंगभूषाकार मे 2025 मध्ये गेला.

मुलींनो, आता तुमच्यासाठी. मुंबईच्या सिनेमात बाईने केस सजवावेत, चेहरा रंगवायचा तो पुरुषानेच, असा रंगभूषाकारांच्या संघटनेचा नियम होता. नोव्हेंबर 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बेकायदा ठरवला. निकाल देणाऱ्यांत आपले न्यायमूर्ती उदय लळितही होते. तेव्हा ‘हे पोरींचं काम नाही’ असं कुणी म्हणालं, तर त्याला हा निकाल सांगा.

पण सगळ्यांनी मुंबईची गाडी पकडावी, असं मी म्हणणार नाही. आपत्तीच्या सरावात जखमी दाखवायला हीच कला लागते. वैद्यकीय विद्यार्थ्यांना खोट्या जखमेवर हात बसवता येतो. आणि कर्करोगात नाक, कान, डोळा गमावलेल्या माणसाला सिलिकॉनचा अवयव बसवतात. तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली करायचा, पण साचा आणि कातडीचा रंग जुळवायची नजर याच कलेतली. तंबाखूच्या आपल्या मुलखात असे हात किती लागतील, ते मी सांगायला नको. माझ्या मते या विद्येचं सर्वांत मोठं काम हेच, सिनेमा त्यानंतर.

प्राचार्यसाहेब, एक मागणं आहे. पुढच्या संमेलनाआधी आठवडाभर रसायनशास्त्राची प्रयोगशाळा नाटकवाल्या मुलांना द्या. आणि मुलांनो, गोंद किंवा लॅटेक्स चेहऱ्याला लावण्याआधी आदल्या दिवशी मनगटाच्या आतल्या बाजूला थोडं लावून पाहा. खाज सुटली, तर दाढी न लावताच रंगमंचावर जा.