अंधाराची वाटणी

2005 नंतरच्या भारनियमनात अकोला-अमरावतीच्या ऐपतदार घरांत इन्व्हर्टर आले. 12 व्होल्ट, 150 अँपिअर-तासांची बॅटरी कागदोपत्री 1.8 युनिट वीज साठवते. दोन दिवे व एक पंखा काही तास चालतात. परंतु बॅटरी वीज निर्माण करीत नाही. देते त्याहून अधिक घेते. वीज परतताच साऱ्या बॅटऱ्या एकदम भरू लागतात आणि तो भार त्याच रोहित्रावर पडतो, ज्यावर शेजारच्या मजुराचा एकुलता दिवा अवलंबून असतो. पारसच्या कोळशाचा धूर वऱ्हाडाने सोसला, अंधारही वऱ्हाडानेच. मुंबई मात्र भारनियमनातून बहुतांशी वगळलेली! आजही वळवाच्या वादळात तारा तुटतात. प्राथमिक आरोग्य केंद्रातील लसींच्या शीतपेटीला आणि गावच्या अभ्यासिकेला सार्वजनिक खर्चाने बॅटरी, ही मागणी तालुक्यातालुक्यांतून जिल्हा परिषदेकडे गेली पाहिजे.