कच्चे मडके
(शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



होळकरशाहीत माळव्यात येऊन स्थिरावलेल्या मराठी घरांनी दक्षिणेतून येताना देव्हारा आणला, आणि फडक्यात बांधलेली पोथी आणली. ग्रंथालये मागाहून झाली. तेव्हा शताब्दीच्या निमित्ताने भक्तिमार्गावर बोलावे, ही कार्यवाहांची सूचना मला मनापासून आवडली. विषय मात्र मी जरा अडचणीचा निवडला आहे : भक्ताच्या हातून होणाऱ्या चुका.

नामदेवांची कथा आपल्या परिचयाची आहे. महिपतींच्या ‘भक्तविजया’ने ती घरोघरी पोहोचवली. संतमेळ्यात मुक्ताबाईंनी गोरोबाकाकांना विचारले, यातली पक्की मडकी कोणती आणि कच्ची कोणती? काकांनी थापटणे उचलले आणि एकेकाच्या मस्तकावर ते मारीत निघाले. सारे स्वस्थ राहिले. नामदेव तेवढे संतापले. काकांनी निर्वाळा दिला, हे मडके कच्चे.

आपण ही कथा ऐकून हसतो आणि एक गोष्ट विसरतो. कच्चा ठरलेला हा कोणी नवशिका नव्हता. ज्याच्या हातचा नैवेद्य विठ्ठलाने खाल्ला असे परंपरा मानते, तो हा भक्त. म्हणजे त्याचा अहंकार साधनेच्या उणिवेतून आला नाही, साधना फळाला आली त्यातूनच आला. धनाचा किंवा विद्येचा गर्व चारचौघांच्या लगेच ध्यानात येतो. ‘देव माझा आहे’ हा गर्व भक्तीचेच वस्त्र नेसून येतो, आणि लोक त्याच्या पायाही पडतात.

दुखावलेले नामदेव देवाकडे गेले. देवाने त्यांना विसोबा खेचरांकडे धाडले. तेथे पाहतात तो एक वृद्ध शिवाच्या पिंडीवर पाय ठेवून निजलेला! नामदेवांनी त्याला दटावले. वृद्ध म्हणाला, जेथे देव नाही तेथे माझे पाय उचलून ठेव. पाय ठेवावेत तेथे पिंडी. पिंडीचा मान राखावा असे नामदेवांना वाटले, यात गैर काहीच नाही. आपल्याला ठाऊक असलेल्या नियमावरून समोरच्या माणसाची योग्यता ठरवली, तेथे ते चुकले. आपल्या देवळांत आणि भजनी मंडळांत ही चूक रोज घडते.

स्वतःचेच सांगतो. तरुणपणी मी ज्ञानेश्वरीच्या पारायणांची वहीत नोंद ठेवीत असे. घरी कामाला येणाऱ्या एका वृद्ध बाईंनी एकदा सहज विचारले, “दादा, इतक्यांदा वाचता, म्हणजे अजून कळली नाही का?” मला राग आला. थापटणे बरोबर लागले होते. वही त्यानंतरही बरीच वर्षे चालू राहिली, हेही कबूल केले पाहिजे.

याच्या उलट बाजूची चूक अधिक सूक्ष्म आहे. ‘मी पामर, मी अज्ञानी’ असे दहा वेळा म्हणणाऱ्या गृहस्थांना कोणी एकदा “खरे आहे” म्हणून पाहावे! नम्रतेचे सोंग वठवणे काही कठीण नाही. कीर्तनाला चार वेळा बसले की ती भाषा येते. त्या मानाने नामदेवांचा राग मला प्रामाणिक वाटतो. तो त्यांनी झाकला नाही, देवापुढे नेला. आणि कीर्ती एवढी मोठी असताना, ज्यांना आधी दटावले त्यांच्याच पायाशी शिष्य म्हणून बसले. डोक्यावर थापटणे सोसण्यापेक्षा हे फार अवघड आहे.

पुढचे नामदेव आपण जाणतो. गुरुग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. २०१५ साली ८८वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन पंजाबात घुमान येथे भरले, तेही त्यांच्याच नावाने जोडलेल्या गावी. त्यांना कच्चे ठरवणारी कथाही वारकऱ्यांनी टाकून दिली नाही; कीर्तनात ती आजही रंगवून सांगतात.

पंढरपुरी महाद्वारात नामदेवांची पायरी आहे. संतांच्या चरणांची धूळ आपल्यावर पडावी, म्हणून त्यांनी ती जागा मागून घेतली, अशी श्रद्धा आहे. आपण मात्र तिला हात लावून नमस्कार करतो आणि पाय लागू नये म्हणून जपून ती ओलांडून पुढे जातो.