एकदाच फुलणारं केकताड

परभणीच्या शिवारात बांधावर केकताड दिसतं. कुणी त्याला घायपात म्हणतं. मूळचं मेक्सिकोचं. याच्याच पानांचा वाख काढून कासरे, दावी वळत. त्याचं फूल मात्र क्वचितच दिसतं. कितीतरी वर्षं हे झाड जाड पानांत अन्नपाणी साठवतं आणि आयुष्यात एकदाच मधोमध पाच-सहा मीटर उंच दांडा सोडतं. हिरवट-पिवळी फुलं येतात, सगळा साठा त्यातच संपतो आणि झाड वाळतं. आणखी नवल म्हणजे बी फारसं धरतच नाही. दांड्यावरच चिमुकली रोपं तयार होतात आणि खाली पडून रुजतात. सह्याद्रीतली कारवीही साधारण सात वर्षांनी फुलून मरते, पण ती बी सोडून जाते. बांध साफ करताना दांडा आलेलं केकताड तेवढं राहू द्या; मधमाश्या तिथे येतात.